केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरला मोजू द्या

ऑडिट हा शब्द आपल्या वस्तीतल्या बायाबापड्यांना नवा नाही. बचत गटाच्या वह्या तपासल्या जातात, कोणाचा हप्ता राहिला, व्याज कुठे चुकले, ते बैठकीत सगळ्यांसमोर वाचले जाते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, तेव्हा ‘फायर ऑडिट’ हाही शब्द घरोघर पोचला. वायरिंग कोणी तपासली होती, बाहेर पडायचा रस्ता होता का, असे सगळा महाराष्ट्र विचारू लागला. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इमारतीची तपासणी होते, औषधसाठ्याची होते, पैशाची तर होतेच. पेशंटला जो उपचार मिळाला, त्याची तपासणी कोण करतो?

या तपासणीला दवाखान्याच्या भाषेत क्लिनिकल ऑडिट म्हणतात. नाव जड आहे, काम साधे आहे. एक आजार घ्यायचा. त्यावर काय, कधी, किती द्यायचे हे सरकारने किंवा तज्ज्ञांनी आधीच ठरवून दिलेले असते. मग मागच्या तीस-चाळीस पेशंटचे केसपेपर काढायचे आणि ठरल्याप्रमाणे किती जणांना मिळाले ते मोजायचे. जिथे कमी पडले तिथे काहीतरी बदलायचे. आणि चार-सहा महिन्यांनी तितकेच नवे केसपेपर काढून पुन्हा मोजायचे. हे शेवटचे मोजणे झाले नाही तर पहिले मोजणे फाईलीत जाते. ते आपण पुढे बघूच.

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ, कारण भूम तालुक्यात रानात राबणाऱ्या, रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. साप चावलेला माणूस आला की त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. रक्त गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजायचे. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसते. विष भिनल्याची लक्षणे दिसली की सर्पविषावरचे औषध सुरुवातीलाच दहा बाटल्या शिरेतून द्यायचे. लहान मुलालाही तितकेच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेले नसते. हे सगळे लिहून ठरलेले आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हटले आहे. आता एका रुग्णालयाने मोजायचे ते इतकेच: पेशंट दारात किती वाजता आला, काचेची नळी किती वाजता भरली, पहिली बाटली किती वाजता लागली, आणि किती जणांना काहीच न देता ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी मिळाली.

भूमचा माणूस ‘पुढे न्या’ हे दोन शब्द चांगले ओळखतो. ईट, वालवड, पाथरूड, माणकेश्वर, कुठूनही निघाले तरी वाट तीच. आधी जवळचा दवाखाना, मग भूम, मग बार्शी किंवा धाराशिव, तिथून सोलापूर. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर आपल्यापुरते बघतो आणि पूर्ण वाट कोणालाच दिसत नाही. ती दिसते फक्त बरोबर गेलेल्या नातेवाइकाला, आणि त्याला कोणी विचारत नाही.

केसपेपर लिहितो कोण? मोठे डॉक्टर राऊंडला येतात, बघतात, सांगतात, जातात. वेळ, नाडी, बी.पी., रक्त कधी मागवले, कधी आले, हे लिहिणारा हात इंटर्नचा असतो, नाहीतर पीजी करणाऱ्या रेसिडेंटचा. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पुष्कळदा बंधपत्राचे एक वर्ष भरणारा नुकताच पास झालेला एमबीबीएस असतो. रात्री तीन वाजता रक्ताची पिशवी नव्हती हे त्याला माहीत असते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन प्रसूतीच्या खोलीत नसून कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली सिस्टरकडे होती, हेही त्यालाच माहीत. आमचे म्हणणे असे की ऑडिट करायचे तर या हातांना बरोबर घेऊनच करावे लागेल. वरून आलेली समिती रजिस्टर बघते. रजिस्टरात जे लिहिलेलेच नाही ते फक्त रात्रपाळीवाला सांगू शकतो.

हे आपल्या महाराष्ट्रात एका तरुण डॉक्टरने करून दाखवले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरिबीतून शिकलेले. १९७६ च्या सुमारास ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. होय, आपल्या चवदार तळ्याचे महाड. कोकणात तेव्हा लाल विंचवाचा दंश म्हणजे मरण अशी लोकांची समजूत होती, आणि ती खोटी नव्हती. गंभीर पेशंटांपैकी दहातले तीन-चार दगावत. या तरुण डॉक्टरकडे ना मोठी प्रयोगशाळा होती, ना वर कोणी प्रोफेसर. तो पेशंटच्या खाटेशी बसून राहिला आणि लिहीत गेला. दंशाला किती तास झाले, घाम किती, हातपाय गार केव्हा पडले, बी.पी. आधी चढते की उतरते, छातीत पाणी केव्हा भरते. अशा कित्येक पेशंटांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर क्रम दिसू लागला. विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर घाव घालते, आणि नुसत्या वेदनाशामक इंजेक्शनाने त्यावर काही होणार नाही. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे छापली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी मांडला. ती गोळी वेळेत मिळू लागल्यावर दगावण्याचे प्रमाण शंभरात एखाद-दुसऱ्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोणी म्हणेल, हे संशोधन झाले, ऑडिट नव्हे. बरोबर आहे. त्यांनी नवा उपचार शोधला. ऑडिट जुना, ठरलेला उपचार खरोखर दिला जातो का ते बघते. पण दोन्हीचे मूळ एकच आहे. खाटेजवळच्या ज्युनिअर डॉक्टरने वही ठेवली, आणि ‘असेच असते’ हे उत्तर मानले नाही. बिरवाडीच्या केंद्रात त्यांच्या आधी डॉक्टर नव्हते असे थोडेच आहे? त्यांनी पेशंट तपासले असतील, बरेही केले असतील. मोजले नाही.

याच्या सव्वाशे वर्षे आधीची व्हिएन्ना शहरातली गोष्टही सांगायला हवी, कारण तिच्यात गरीब बायका आहेत. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने बायका पटापट मरत. शहरातल्या बायकांना ते पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत, काहींना रस्त्यात बाळंत होणे परवडे. प्रोफेसर लोक हवा, नशीब, बायकांची भीती अशी कारणे देत. इग्नाझ सेमेलवाईस हा तिथला असिस्टंट, म्हणजे आजच्या भाषेत ज्युनिअर. त्याने दोन्ही विभागांचे आकडे शेजारी मांडले. १८४६ मध्ये पहिल्यात शंभरात अकराच्या वर मृत्यू, दुसऱ्यात तीनहून कमी. डॉक्टर मुडदे फाडून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात, सुईणी तसे करत नाहीत, एवढाच फरक त्याला सापडला. मे १८४७ पासून त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जूनमध्ये दोन. आणि १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. वरिष्ठांना आपल्याच हातांनी बायका मेल्या हे ऐकायचे नव्हते. ज्युनिअरने मोजावे एवढे म्हणून भागत नाही, त्याचे ऐकण्याची सक्ती वरच्यांवर हवी, हे त्यावरून कळते.

आता जवळचे बोलू. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळे होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. त्याच ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले होते. नांदेडला पुढे काय झाले? हिंगोलीचे तेव्हाचे खासदार रुग्णालयात गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंत्री आले, कॅमेरे आले. शौचालय घाण होते हे खरे असेल. पण ज्याच्या हातात झाडू दिला त्याच्याकडे बघून हसणाऱ्यांना त्या बारा बाळांपैकी किती बाळे कुठल्या दवाखान्यातून पाठवली होती, वाटेत किती तास गेले, आल्यावर अंग गार होते का, पहिला अँटिबायोटिकचा डोस किती वेळाने मिळाला, यातले काही कळले का? ही उत्तरे केसपेपरमध्ये असतात. ती दर महिन्याला काढली जात असती तर चोवीस मृत्यूंची बातमी व्हायच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी लक्षात आले असते की काहीतरी चढत चालले आहे.

मोजल्याने काय होते त्याचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या बीडचे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जातात ही कुजबुज भूम, परंडा, वाशीकडेही कित्येक वर्षे होती. २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा बायकांमागे एक. त्यानंतर गर्भाशय काढण्याआधी सरकारी डॉक्टरची परवानगी घेण्याची अट आली. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या, त्यात जिल्हा पातळीवर या शस्त्रक्रियांवर देखरेख करणारी समिती आहे. आम्हाला इथे एक गोष्ट खुपते. या शस्त्रक्रियांत हाताखाली उभे राहणारे तरुण डॉक्टर होतेच ना? पस्तिशीच्या आतल्या बाईचे गर्भाशय नुसत्या पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर काढले जाते, हे कोणालातरी खटकले असेलच. त्याला ते लिहून ठेवायला पान नव्हते आणि सांगायला माणूस नव्हता. मग जो आकडा रुग्णालयातून दरवर्षी निघायला हवा होता, तो काढायला सरकारने नेमलेली समिती लागली.

ज्युनिअर डॉक्टर बोलत का नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्याकडे बोट दाखवणे बरोबर नाही. एक तर वेळ नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये सुचवले की रेसिडेंटला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. ७४ ही कमी केलेली शिफारस! दुसरे म्हणजे परीक्षेची सही वरिष्ठांच्या हातात असते. आणि तिसरी गोष्ट आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. डॉ. पायल तडवी आदिवासी समाजातली, नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पीजी करत होती. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता एमबीबीएसला जातात, पीजीला जातात. तिथे त्यांनी ‘सर, या वॉर्डात उपचार उशिरा मिळतोय’ असा आकडा काढून दाखवावा असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण आहे हेही बघायला हवे. एकट्या मुलीने काढलेला आकडा तक्रार ठरतो. सगळ्या तुकडीने, कॉलेजच्या नियमाने, नावे न घालता काढलेला आकडा काम ठरतो.

नियमाने केले की ते आपोआप चांगले होते असेही नाही. ब्रिटनमध्ये १९८९ नंतर डॉक्टरांनी ऑडिट करणे हा व्यवस्थेचा भाग झाला, ज्युनिअर डॉक्टरांना तर प्रशिक्षणात ते करावेच लागते. तिथली जुनी तक्रार अशी की ज्युनिअर एकदा मोजतो, चार कागद करतो, बायोडाटात लिहितो आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे बदली होऊन जातो. दुसऱ्यांदा मोजायला कोणी उरत नाही. आपल्याकडे तर इंटर्न काही आठवड्यांनी विभाग बदलतो. म्हणून मोजणीची वही विभागाची असावी. जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हातात द्यावी, आणि दुसरी मोजणी झाल्याशिवाय पहिलीला कोणी ऑडिट म्हणू नये.

धाराशिवला हे आत्ताच करायची संधी आहे. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये शंभर जागांवर सुरू झाले. पहिल्या तुकडीची साडेचार वर्षे भरली की तीच मुले इंटर्न म्हणून वॉर्डात उभी राहणार. जुन्या कॉलेजांत ‘आमच्याकडे असेच चालते’ म्हणणारी परंपरा असते, इथे ती अजून पुरती बसलेली नाही. इंटर्नला लॉगबुक ठेवावेच लागते, किती टाके घातले, किती बाळंतपणे बघितली. त्याच लॉगबुकात एक पान मोजणीचे घालायला खर्च काही नाही. इंटर्नशिपमध्ये बारा आठवडे सामुदायिक आरोग्यासाठी आहेत. त्या काळात ही मुले भूम, परंड्यासारख्या ठिकाणी आली तर त्यांना पन्नास विषय देऊ नका. तीनच द्या. साप चावलेल्याला औषध किती मिनिटांत मिळाले. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन मिळाले का. आणि ‘पुढे न्या’ म्हणून पाठवलेल्या पेशंटचे पुढे काय झाले, हे फोन करून विचारले का. तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण भूमहून पाठवलेला पेशंट सोलापूरला जगला की गेला, हे भूमच्या डॉक्टरला कळण्याची आज काही सोयच नसते. मग तो शिकणार कशावरून? निघालेले आकडे, कोणाचे नाव न घालता, मराठीत, ओ.पी.डी.च्या भिंतीवर लावावेत. मागच्या सहामाहीत इतके, या सहामाहीत इतके.

धाराशिव जिल्ह्याला हे परके नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि आपण. गावोगाव लोकांनी आरोग्य केंद्रांची प्रगती पत्रके भरली, जनसुनवायांत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर ती वाचली. लोकांनी बाहेरून मोजले. आता आतून मोजणाऱ्यांची जोड हवी.

आणि बाहेरून मोजायचे आपले कामही संपलेले नाही. पेशंट दवाखान्यात नेला की दारात पोचल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा, डॉक्टर कधी आला, पहिले इंजेक्शन कधी, गाडी कधी मिळाली, तेही. घरातल्या आठवी-नववीच्या पोरीला हे काम द्या, ती चोख करते. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपायचे असतात, आणि पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. लेखी मागा, पोच घ्या. गरोदरपणात किंवा बाळंत झाल्यापासून ४२ दिवसांत बाई दगावली, तर तो मातामृत्यू नोंदवून त्याची चौकशी व्हायलाच हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत घरच्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. दोषी धरण्यासाठी ती बैठक नसते, पुढची बाई वाचावी म्हणून असते. आशाताईला विचारा, नोंद झाली का आणि बोलावणे कधी येणार. दुःखात असलेल्या घराला हे सुचत नाही, म्हणून विहारातल्या महिला मंडळाने दोघींना नेमून हे काम अंगावर घ्यावे.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगायची आहे. माणूस दगावला की समोर दिसेल त्या डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारे आपल्यातही आहेत. समोर दिसतो तो नेहमी ज्युनिअरच असतो, कारण बाकीचे त्या वेळी तिथे नसतात. ज्याला खरे माहीत आहे, ज्याने वेळ लिहिली आहे, त्यालाच मारले तर तो दुसऱ्या दिवशी केसपेपर आपल्याला वाचवण्यासाठी लिहीत नाही, स्वतःला वाचवण्यासाठी लिहितो. मग आलेल्या वेळा सगळ्या बरोबर असतात आणि खऱ्या एकही नसते. कायद्याने अशी मारहाण गुन्हा आहे, २०१० पासून वेगळा कायदाच आहे, तो भाग निराळा.

भूमच्या ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती आहे. त्या समितीवर आपल्या वस्तीतले कोणी असेल तर त्यांनी, नसेल तर मंडळाने अर्ज देऊन, पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे: गेल्या सहा महिन्यांत साप चावलेले किती आले, किती जणांना इथेच औषध मिळाले, आणि किती जणांना चिठ्ठी. उत्तर मिळाले की या पानासाठी आमच्याकडे पाठवा. ‘माहिती ठेवलेली नाही’ असे उत्तर मिळाले तरी तेच, सही-शिक्क्यासह पाठवा.